फॉर्म मुंबईहून यायचाय

माझ्याकडे येणारा माणूस आधी चोर ठरतो, मग पेशंट. दारातच वजनकाटा आहे. त्यावर त्यानं उभं राहायचं, मी आजचा आकडा बघायचा, मागच्या खेपेचा आकडा बघायचा आणि कमरेवर हात ठेवून फौजदाराच्या आवाजात विचारायचं, "तीन किलो आठशे! कुठं लपवलाय माल?"

माल म्हणजे पाणी.

कोल्हापुरात डायलिसिसच्या विभागात मी पंचवीस वर्षं सिस्टर आहे. माझं मूळ गाव गडहिंग्लजजवळचं. नर्सिंगला गेले नसते तर ही पोरगी नाटकात गेली असती, असं आई म्हणायची. नवरा म्हणतो, गेलीच आहेस, फक्त तिकीट लावत नाहीस.

डायलिसिस म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आधी देवाला एक नारळ फोडा आणि मग पुढचं वाचा. किडनी बंद पडली की लघवी आटते. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, आधी पायावर, मग पोटात, शेवटी छातीत. रक्तातली घाणही बाहेर पडत नाही. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा आमच्याकडे यायचं. हातात दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, गाळलं जातं, दुसरीतून परत अंगात येतं. असे चार तास. या सुयांसाठी हातातली एक शीर ऑपरेशन करून मोठ्या रक्तवाहिनीला जोडलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. मांजर गुरगुरतंय म्हणजे हात ठीक आहे. मी रोज सकाळी अशी दहा-बारा मांजरं कुरवाळते.

पाणी दिवसाला मोजून. मीठ जेमतेम. केळं, शहाळं आणि गूळ बंद, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं तर काळीज थांबू शकतं. हे सगळं लोक ऐकून घेतात. पण कोल्हापूरच्या माणसाला रस्सा बंद म्हणून सांगायचं काम कुणी माझ्या शत्रूलाही देऊ नये.

"सिस्टर, मटण ऱ्हाऊ दे, नुसता पांढरा रस्सा चालंल का?"

"काका, उलटं. मटणाच्या दोन फोडी चालतील, रस्सा नाही."

यावर काका माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना कोल्हापूर सोडून जायला सांगितलंय.

म्हणून चोऱ्या होतात. शिरोळचे एक खतांचे व्यापारी काट्यावर उभे राहताना एक टाच हळूच बाहेर ठेवायचे. पकडलं तर म्हणायचे, "काल पावसात भिजलोतो वो, त्येचं वजन हाय ते." जयसिंगपूरच्या एक निवृत्त शिक्षिका ओला रुमाल चोखत बसायच्या. "मी पाणी पीत नाही, रुमाल धुते," असं त्या मला शुद्ध भाषेत सांगायच्या.

माझं खरं भांडवल म्हणजे माझं तोंड. कंटाळून एखादा पेशंट म्हणाला, आता मी येत नाही, तर आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "सिस्टर, जरा बघा ना." मॅडम वयानं माझ्या भाचीएवढ्या. मग मी बघते. रुसलेल्या आजोबांपुढे त्यांच्या सुनेची नक्कल करते. कुणाला नातवाची शपथ घालते. एकासमोर तर खरोखरीचं रडले होते आणि नंतर मलाच कळेना की ते खोटं कुठपर्यंत होतं. माझ्या वळणावर न आलेला पेशंट नाही अशी माझी शेखी होती. ती उतरवली एका नवरा-बायकोनं.

नाना पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावचे. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या. धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत तासन्‌तास उकळतो. गुळव्या त्यात भेंडीचं पाणी टाकून मळी वर आणतो, ती काढतो आणि मग नुसता बघत उभा राहतो. रस दाटतो, फेस बदलतो, वास बदलतो. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो. त्याची गोळी बांधली की वेळ झाली. लगेच जाळ थांबवायचा, काहील उतरवायची. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो. मधे वेळ असतो तो चहाचा घोट घेण्याइतका. नानांची काहील चुकत नाही म्हणून पंचक्रोशीतून बोलावणं यायचं.

आणि त्या काहिलीखाली चाळीस वर्षं जाळ घालायला बसायची ती त्यांची बायको, अंजना मावशी. रस काढलेल्या उसाची वाळलेली चिपाडं चुलवाणात ढकलत राहायचं हे तिचं काम. दोघांचं चाळीस वर्षांचं भांडणही एकच. नाना म्हणणार, "बास." मावशी म्हणणार, "आजून दोन चिपाडं."

"आवं, कच्चा ऱ्हायला तर?"

"गुळव्या मी हाय का तू?"

"जाळ कुणाच्या हातात हाय?"

हे भांडण ते आमच्याकडेही घेऊन यायचे. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, सकाळच्या एसटीनं. मावशी नानांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायची आणि चार तास दोघं मागच्या सगळ्या हंगामांचा निकाल लावायची. शेजारच्या खुर्च्यांवरचे पेशंट बाजू घ्यायचे. शिरोळचे व्यापारी कायम मावशीकडून. पाण्याच्या बाबतीत मात्र मावशी माझ्यापेक्षा कडक फौजदार. तांब्यावर झाकण ठेवून झाकणावर स्वतः बसली असती.

एका आषाढातल्या सोमवारी मी नानांना सुई टोचत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "सिस्टरबाई, औंदा दिवाळी झाली की पुतण्याच्या गुऱ्हाळात पैली काहील उतरवतो. मग हितं यायचं बंद."

"का हो? माझा कंटाळा आला?"

"तुमचा न्हाय वो. चार तास हितं, चार तास यायला-जायला, दुसऱ्या दिवशी मेल्यागत पडून. आठवड्यातला एक दिवस काय तो माझा. तेवढ्यासाठी हे सगळं? मला ठाव हाय, बंद केलं की मी जानार. पर कवा जायाचं ते मला कळतंय. आजवर तेच तर केलंय."

मी हसून नेलं. पण बाहेर आले तर दाराशी मावशी पदर तोंडावर धरून उभी. "काय म्हनत्यात ते आयकलं न्हवं? तुमचं आयकत्यात ते. सांगा की त्यास्नी."

बुधवारी मावशी चहाला गेल्यावर नाना म्हणाले, "तिला तुमी समजवा. तुमचं आयकती ती." दोन्ही पक्षांनी एकच वकील केलेला. दोन मुली होत्या, लग्न झालेल्या. त्यांचं म्हणणं, आई म्हणेल तसं.

आणि मग मी ते केलं. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, पंचवीस वर्षं सरकारी-निमसरकारी कागदांत गेलेल्या बाईलाच सुचणार.

"नाना," मी आवाज खाली आणला, "असं मनात आलं आणि बंद केलं, असं नसतं. त्याला फॉर्म असतो."

"कसला फॉर्म?"

"थांबायचा फॉर्म. मुंबईहून येतो. अर्ज करावा लागतो. मी करते तुमच्यासाठी."

आपला माणूस यमाशी वाद घालेल, फॉर्मशी घालणार नाही. "करा मग अर्ज," नाना म्हणाले. मी मावशीला बाहेर नेऊन सगळं खरं सांगितलं. तिनं तोंडात पदर कोंबला आणि हसली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हसली. पुढच्या खेपेला माझ्यासाठी पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली.

मग चार महिने मी ते नाटक चालवलं. आणि सांगायला लाज वाटते, मला मजा आली. नाना काट्यावर चढता चढता विचारायचे, "फॉर्म आला का?"

"मुंबईहून निघालाय, पुण्यात अडकलाय."

"आता?"

"आला होता, पण शिक्का राहिला. परत गेला."

"आन आता?"

"साहेब रजेवर आहेत. मुलीचं लग्न."

साऱ्या विभागाला ते पाठ झालं होतं. मी नुसती आत आले तरी व्यापारी ओरडायचे, "काय सिस्टर, साहेबांच्या मुलीचं लगीन लागलं का?" नाना मिशीतल्या मिशीत हसायचे. मला वाटायचं, जिंकतेय मी. नाना थांबायचं म्हणत होते त्याचं काय झालं, असं मॅडमनी विचारलं तर मी सांगितलं, मानले की. त्यांनीही विश्वास ठेवला.

पण या काळात नानांचं शरीर थांबलेलं नव्हतं. मशीनवर असताना रक्तदाब पडायला लागला. पिंढऱ्यांत पेटके यायचे. गणपतीत ते काठी घेऊन आले. दसऱ्याला एसटीची पायरी चढता येईना, म्हणून पुतण्या गाडीतून आणू लागला. दिवाळी झाली, गावात गुऱ्हाळ पेटलं. नाना पहिली काहील उतरवायला निघाले, तर मी म्हटलं, आधी फॉर्म येऊ दे, मग जा. दोन आठवड्यांनी दोघांनी धरूनही नानांना काट्यावर उभं राहता आलं नाही. खुर्चीवरच बसले. मी फौजदाराचा आवाज काढायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सिस्टरबाई," ते हळू म्हणाले, "फॉर्म न्हाईच न्हवं?"

मी वाकून रिकामा काटा पुसायला लागले. 

"मला पैल्याच आठवड्यात कळलंतं. तुमी दोघी दाराआड हसत हुता."

"मग बोलला का नाही, नाना?"

"लई दिसांनी हसत हुती ती. म्हटलं, हसू दे." ते आपल्या पायांकडे बघत होते. "पर त्यात माजं पाय गेलं. काहिलीजवळ हुबं ऱ्हायला पाय लागत्यात वो."

रागावले असते तर बरं झालं असतं. एका माणसानं आयुष्यभर वेळ ओळखायचं काम केलं होतं आणि त्याची नेमकी वेळ मी गमतीगमतीत चोरली होती. पाणी चोरणाऱ्यांना मी काट्यावर पकडते. या चोरीला काटा नव्हता.

मी मॅडमकडे गेले आणि कबुली दिली. त्यांचा आवाज चढला नाही, पण माझ्याकडे बघायच्या त्या थांबल्या. "सिस्टर, शुद्धीवर असलेल्या, समजून बोलणाऱ्या माणसाला उपचार नको म्हणायचा हक्क आहे. त्याच्याशी बोलायचं काम माझं होतं. तुम्ही ते होऊच दिलं नाहीत."

त्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. बंद केल्यावर बहुतेक आठवडा, दीड आठवडा. झोप वाढत जाईल. धाप लागली तर त्यावर औषध आहे, दुखलं तर त्यावरही आहे, आमचं माणूस घरी येऊन बघेल. आणि मधेच वाटलं की पुन्हा सुरू करावं, तर मशीन इथंच आहे, कुणी काही बोलणार नाही.

"म्हंजे जीव द्यायचा," मावशी म्हणाली.

"जीव देत न्हाय गं," नाना म्हणाले. "नुसतं चिपाड घालायचं बंद."

मावशी ताठ झाली. "चिपाड घालनारी मी हाय. मी म्हनंन तवा."

मला वाटलं, आता नाना म्हणणार, गुळव्या मी हाय. ते तिच्याकडे वळले. "बरं," म्हणाले. "तू म्हनशील तवा."

पुढचे काही दिवस मला सर्वांत अवघड भूमिका मिळाली, मुकीची. नाना येत होते, सुया घेत होते, विषय काढत नव्हते. मावशी शेजारी बसायची, पण भांडण बंद. त्यांच्या हातातल्या त्या शिरेवर बोट ठेवून मांजराची गुरगुर ऐकत बसायची. व्यापाऱ्यांनी एकदा चेव आणायला विचारलं, "मावशी, शेवटच्या हंगामात कोण बरोबर हुतं?" ती नुसती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा."

एका शुक्रवारी मशीनवर नानांचा रक्तदाब असा पडला की ते मिनिटभर कुठल्या कुठं गेले. पाय वर केले, सलाईन सोडलं, आले परत. डोळे उघडून पहिलं म्हणाले, "पानी."

मावशीनं पेला घेतला आणि मला विचारलं, "किती देऊ?"

"एक घोट," मी म्हणाले. सवयीनं.

तिनं एक घोट पाजला. नानांनी तो गिळला आणि जिभेनं ओठावरचा उरलेला थेंब शोधला. काही मागितलं नाही. मावशी हातातल्या पेल्याकडे बघत उभी राहिली. पेला भरलेलाच होता. तो तिनं खाली ठेवला आणि माझ्यामागून टेबलापर्यंत आली.

"सिस्टर, त्यो फॉर्म आना."

"मावशी, फॉर्म नाही हो. तुम्हाला तर ठाऊक…"

"ठाव हाय. मग तयार करा. चार म्हैनं वाट बघायला लावलीसा त्येची."

मॅडमनी केसपेपरवर जे रीतसर लिहायचं ते लिहिलं, दोघांना वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. त्यानंतर मी एक कोरा कागद घेतला. पट्टीनं रेघा मारल्या. वर ठळक अक्षरात लिहिलं, थांबण्याचा अर्ज. नाव, वय, गाव, धंदा: गुळव्या. शेवटी एक रकाना, कारण. मी खुर्चीजवळ जाऊन विचारलं, "नाना, कारण काय लिहू?"

नाना मावशीकडे बघायला लागले.  

"लिवा," मावशी म्हणाली. "गोळी बांधली."

मी लिहिलं. नानांनी सही केली, मावशीनं एकेक अक्षर कोरून केली. मी शिक्का मारला. मुंबईचा नव्हता. औषधांच्या बाटल्या आल्याची पोच द्यायला आमच्याकडे एक शिक्का आहे, तोच. नानांनी कागद लांब धरून पाहिला. "चांगला हाय," म्हणाले. "उशिरा आला, पर चांगला हाय."

रविवारी त्यांना खुर्चीत बसवून गुऱ्हाळात नेलं. मला त्या दिवशी ड्यूटी होती. मशीन सुटल्यापासून पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सोप्यात खाट होती, उशाशी तांब्या, आणि तांब्यावर झाकण नव्हतं. नाना बरेचसे झोपेतच होते. हातावर बोट ठेवलं, मांजर गुरगुरत होतं. विचारणं माझं काम होतं, म्हणून कानाशी जाऊन विचारलं, "नाना, परत यायचंय का मशीनवर?"

त्यांनी एक डोळा उघडला. "फॉर्म भरलाय न्हवं?"

अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. औषध लागलं ते दोनदाच. मावशी शेजारी होती, दोन्ही मुली होत्या.

तेरावं झाल्यावर मावशी एकटी एसटीनं आली. काट्याजवळून जाताना क्षणभर थांबली. पिशवीत गुळाची लहान ढेप होती, नानांनी उतरवलेल्या त्या काहिलीतली. आता आमच्या विभागात गूळ म्हणजे विष. पण सगळ्यांनी ती ढेप हातात घेऊन हुंगली. व्यापारी म्हणाले, "सिस्टर, नुसती जीभ लावतो." मी डोळे वटारले. मग सगळ्यांच्या वतीनं मी एक खडा तोंडात टाकला.

मी गुळाच्याच मुलखातली बाई आहे. रंग गडद होता. चव सुरेख, पण शेवटी जिभेवर किंचित कडसर. मला वाटलं बोलू नये. पण माझं तोंड.

"मावशी, जरा पुढं गेलाय का?"

"गेला की," मावशी म्हणाली. "ह्येनी बरोबर वक्ताला हात वर क्येला. बास म्हनलं. मी आयकलं न्हाय. आजून दोन चिपाडं घातली."

"मग? रागावले?"

"न्हाय वो." ती नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "हात तसाच वर धरून बसलं. दोनी चिपाडं जळून जाऊस्तवर. मग मला म्हनलं, झालं का तुजं?"

"मग?"

"मी म्हनलं, झालं."